सर्किट बोर्डाला जोडलेली वायर टिकावी कशी

यंत्रमागावरचा पीक काउंटर, म्हणजे विणताना पडणारे ठोके मोजणारं यंत्र, बंद पडतो तेव्हा बोर्ड सहसा जळालेला नसतो आणि सेन्सरही शाबूत असतो. तुटलेली असते ती सेन्सरकडून बोर्डाकडे येणारी एखादी बारीक वायर. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतली मोठी शेड असो की घरामागच्या खोलीतले चार माग, सोलापुरात तक्रार एकाच सुरात येते: “काय ओ, परवाच डाग मारून नेलोय की, परत बंद पडलंय.”

तो बोर्ड भिंगाखाली धरा. सोल्डर, म्हणजे वायर बोर्डाला जोडणारा वितळवलेला धातू (डाग म्हणतात तो हाच), जागच्या जागी असतं, घट्ट आणि चकचकीत. वायर तुटलेली असते त्याच्या लगत, एक-दोन मिलिमीटर मागे. ज्यानं डाग मारला त्याच्या हातात दोष नसतो. सोल्डरचं काम वीज वाहून नेण्याचं आहे. ओढ, हिसका आणि कंप सोसण्यासाठी वायरीला वेगळा आधार द्यावा लागतो. तो दिला नाही, तर कितीही देखणा सांधा फार दिवस टिकत नाही. म्हणून इथं सोल्डर कसं करायचं ते नीट सांगितलं आहे, पण सोल्डर झाल्यानंतर काय करायचं त्यावर जास्त भर आहे. पीक काउंटरसाठी जे लागू, तेच आर्डुइनोच्या नॅनो बोर्डाला, बॅटरी चार्जिंगच्या मॉड्यूलला, मुलांच्या शाळेच्या प्रकल्पाला आणि एलईडी पट्टीलाही लागू आहे.

वायर तिथंच का तुटते

अनेक बारीक तारांची वायर लवचीक असते, कारण वाकताना तिच्यातली प्रत्येक तार शेजारच्या तारेवरून थोडी सरकते. वितळलेलं सोल्डर या तारांमधल्या फटींतून वर चढतं, कंदिलाच्या वातीत रॉकेल चढावं तसं. ते आवरणाच्या आतही शिरतं आणि तिथं आपल्याला दिसत नाही. जिथवर सोल्डर पोचलं तिथवर वायरीची एकसंध सळई होते. सळई वाकत नाही, तिच्या पुढची वायर वाकते. मग सगळी वाक सळई संपते त्या एकाच जागी येते. तांबं पुन्हा पुन्हा एकाच जागी वाकलं की कडक होत जातं आणि शेवटी तडकतं. आधी एक तार तुटते, मग दुसरी. सातपैकी सहा तारा गेल्या तरी मल्टिमीटर बीप देतोच, काउंटरही मोजत राहतो. सातवी तार टेकलेली असते तोवर आकडा येतो, सुटली की थांबतो. कधी चालू कधी बंद असा हा दोष म्हणूनच लवकर सापडत नाही.

मागावर कंप किती असतो याचा अंदाज घ्या. मिनिटाला १०० ठोके धरले तरी आठ तासांच्या पाळीत ४८,००० होतात. एवढ्या वेळा वायर केसाएवढी जरी हलली, तरी ती एकाच बिंदूवर हलणं परवडत नाही.

सामान निवडताना

वायर अनेक तारांचीच घ्या. टेलिफोनच्या किंवा नेटवर्कच्या केबलमधली एकसंध तार सोल्डरला सोपी वाटते, पटकन भोकात जाते, पण हलणाऱ्या जागी ती सगळ्यात आधी तुटते. सेन्सरच्या सिग्नलसाठी ७/०.२, म्हणजे ०.२ मि.मी.च्या सात तारांची वायर पुरते. त्याच जाडीत तारांची संख्या जास्त मिळाली तर आणखी चांगलं. सिलिकॉन आवरणाची वायर थोडी महाग पडते, पण तिचं आवरण बिटच्या, म्हणजे आयर्नच्या तापलेल्या टोकाच्या, उष्णतेनं आक्रसत नाही आणि ती स्वतःही फार लवचीक असते. साधं पीव्हीसी आवरण मात्र जास्त वेळ तापवलं की मागे सरकतं आणि पाच मिलिमीटर तांबं उघडं पडतं. गरजेपेक्षा जाड वायर घेऊ नका. जाड वायरीचं वजन आणि ताठरपणा शेवटी त्या छोट्या पॅडवरच, म्हणजे वायर जोडायच्या बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्यावरच येतो.

सोल्डर वायर ६०/४० किंवा ६३/३७ ची (कथील आणि शिसं यांचं प्रमाण), रोझिन फ्लक्स, म्हणजे तांबं साफ करून सोल्डर धरायला मदत करणारा राळेचा पदार्थ, आत असलेली, ०.८ मि.मी. जाडीची घ्या. ६३/३७ मिश्रधातू बरोबर १८३ अंश सेल्सिअसला वितळतो आणि त्याच तापमानाला गोठतो. मधली अर्धवट मऊ अवस्था त्यात येत नाही, त्यामुळे गोठताना हात हलून सांधा बिघडण्याची शक्यता कमी. शिसं नसलेलं सोल्डर २१७ ते २२७ अंशांच्या आसपास वितळतं. ते वापरायचं असेल तर बिटचं तापमान वाढवावं लागेल.

वेगळ्यानं लावायच्या फ्लक्सच्या पेस्टबाबत फार काळजी घ्या. छोट्या डबीत मिळणाऱ्या काही पेस्ट पत्रा आणि नळकामासाठी असतात आणि त्यांत आम्ल असतं. अशा पेस्टनं सोल्डर झटकन बसतं, म्हणून ती चांगली वाटते. पण तिचा जो अंश तारांच्या फटीत राहतो तो तांबं खात बसतो, आणि काही महिन्यांनी वायर हिरवी पडून तुटते. डबीवर रोझिन किंवा ‘नो-क्लीन’ असा स्पष्ट उल्लेख नसेल तर ती बोर्डाजवळ आणू नका.

सोल्डरिंग आयर्न तापमान नियंत्रित करता येणारं असेल तर उत्तम. साधं २५ वॅटचं असेल तर व्होल्टेजकडे लक्ष ठेवा. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी १९० व्होल्ट येत असतील, तर २५ वॅटचं आयर्न जेमतेम १७ वॅट देतं. मग सोल्डर चिकट होऊन ओढलं जातं, माणूस बिट जास्त वेळ दाबून धरतो आणि पॅड उखडतो. बिट सुईसारखी टोकदार नको, दोन ते अडीच मि.मी. रुंद चपटी घ्या. टोकदार बिट नाजूक कामाची वाटते, पण तिचा पृष्ठभाग एवढा लहान असतो की उष्णता वेळेत पोचत नाही. प्लग तीन पिनांचा आणि अर्थिंग खरंच जोडलेलं असावं.

याशिवाय वायर स्ट्रिपर, बारीक चिमटा, नोज प्लायर, भिंग, मल्टिमीटर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आक्रसून वायरीवर घट्ट बसणारी नळी) आणि छोटे केबल टाय (प्लास्टिकच्या बांधायच्या पट्ट्या) लागतील.

बसायची जागा

मागाशेजारी बसून सोल्डर करू नका. हवेत आणि फटींत कापसाचे तंतू असतात, बिट ३५० अंशांना असते, आणि आग लागायला एवढं पुष्कळ आहे. बोर्ड काढून बाहेर आणा, त्याचा पुरवठा तोडा. बॅटरीवर चालणारा असेल तर बॅटरीही सोडवा.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पंख्याशिवाय बसवत नाही, हे मान्य. पण पंख्याचा झोत थेट कामावर आला की सांधा असमान गार होतो आणि बिटही थंडावते. टेबल फॅन बाजूला असा ठेवा की धूर तुमच्या तोंडापासून दूर ओढला जाईल. तो धूर फ्लक्सचा असतो, त्यानं दम्याचा त्रास होऊ शकतो. शिसं या तापमानाला वाफ होऊन उडत नाही, ते हातावरून पोटात जातं. म्हणून काम संपल्यावर साबणानं हात धुवा, मधे तंबाखू मळू नका, आणि चहाचा कप त्या टेबलावर ठेवू नका.

वायर सोलणं

आवरण अडीच ते तीन मि.मी. एवढंच काढा. जास्त उघडं तांबं म्हणजे शेजारच्या पॅडशी शॉर्ट होण्याची भीती. दातानं किंवा ब्लेडनं सोलायची सवय असेल तर ती सोडा. ब्लेडचा ओरखडा एखाद्या तारेवर पडला की पुढे ती तार तिथूनच तुटते. स्ट्रिपरचं योग्य माप निवडा आणि सोलल्यावर भिंगातून तारा मोजा. सातच्या जागी सहा दिसल्या तर तेवढं टोक कापून पुन्हा सोला.

जुन्या वायरीचं तांबं कधीकधी काळं पडलेलं निघतं. त्यावर सोल्डर धरत नाही, कितीही पेस्ट लावली तरी. चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर मागे कापत जा. दोन-तीन इंच कापूनही काळंच निघालं तर वायर बदला.

तारांना एकदाच हलका पीळ द्या. आणि हीट श्रिंकचा तुकडा आत्ताच वायरीत ओवून दूर सरकवून ठेवा, सोल्डर झाल्यावर तो घालता येत नाही.

टोकावर सोल्डर चढवणं

वायरीच्या टोकावर आधी पातळ सोल्डर चढवायचं, म्हणजे टिनिंग करायचं. टिकाऊपणाचा अर्धा निकाल इथंच लागतो.

वायर आडवी धरा. आवरणाच्या अगदी लगत, उघड्या तांब्यावर चिमटा पकडा. चिमटा उष्णता शोषून घेतो आणि सोल्डरला आवरणाखाली चढू देत नाही. बिट टोकाला खालून लावा, सोल्डर वरून तांब्याला लावा, बिटला नाही. एक-दीड सेकंदात ते तारांत शिरतं. लगेच दोन्ही काढून घ्या. तारांचा पीळ सोल्डरखालून दिसत राहिला पाहिजे. गोळा झाला असेल तर सोल्डर जास्त झालं.

आवरण आणि सोल्डर यांच्या मधे जवळपास एक मिलिमीटर कोरडं, मोकळं तांबं राहू द्या. नवशिक्यांना हे अर्धवट काम वाटतं आणि ते आवरणापर्यंत सोल्डर भरून घेतात. सळई मग आवरणाच्या आत जाऊन संपते, आणि वायर पुढे तिथंच तुटते, आवरणाखाली, बाहेरून काहीच न दिसता.

एक अपवाद लक्षात ठेवा. वायरीचं दुसरं टोक स्क्रूच्या कनेक्टरमध्ये जाणार असेल तर त्याला सोल्डर चढवू नका. सोल्डर मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू दबत जातं आणि पकड ढिली होते. तिथं दाबून बसवायची फेरूल, म्हणजे टोकावरची धातूची छोटी नळी, वापरा.

प्रत्यक्ष सांधा

पॅड अल्कोहोलनं पुसा. जुनं सोल्डर असेल तर विक (सोल्डर शोषणारी तांब्याची विणलेली पट्टी) किंवा पंपानं काढा. ६०/४० साठी बिट ३२० ते ३५० अंशांवर ठेवा, शिसं नसलेल्यासाठी ३६० ते ३८० वर. बिट पितळी जाळीत पुसून तिच्यावर ताजं सोल्डर हलकं लावून घ्या. कोरड्या बिटमधून उष्णता नीट जात नाही.

भोकाचा पॅड असेल तर वायर भोकातून घाला. बिट अशी टेकवा की ती पॅडला आणि वायरीला एकाच वेळी स्पर्श करेल. एक सेकंद थांबा, मग समोरच्या बाजूनं सोल्डर द्या. ते वितळून भोकात ओढलं जाताना दिसतं. आधी सोल्डर काढा, मग बिट. सगळं मिळून दोन-तीन सेकंद.

नुसता सपाट पॅड असेल तर पॅडवर आधी थोडं सोल्डर घ्या, टिनिंग केलेलं टोक त्यावर आडवं ठेवा, थोडा फ्लक्स लावा आणि वरून बिट टेकवा. दोन्हीकडचं सोल्डर एकत्र वाहिलं की बिट उचला. वायर बोर्डाला समांतर झोपलेली असावी, काटकोनात उभी नको. उभ्या वायरीला आडवा हिसका बसला की ती पॅड मुळापासून सोलून काढते.

बिट उचलल्यावर तीन-चार सेकंद हात हलवू नका, फुंकरही मारू नका. गोठता गोठता वायर हलली तर सांधा दाणेदार, राखाडी होतो. त्यालाच ड्राय सोल्डर म्हणतात. तो आज चालतो आणि कंपानं उद्या सुटतो. फ्लक्स लावून पुन्हा तापवला की तो दुरुस्त होतो. फक्त शिसं नसलेल्या सोल्डरचा चांगला सांधाही थोडा निस्तेजच दिसतो, तेव्हा चमकेपेक्षा आकार पाहा. सोल्डर पॅडवर आणि वायरीवर पसरून कडेला पातळ होत गेलेलं हवं. कडा आत वळून मण्यासारखा गोळा बसला असेल तर ते धरलेलं नाही.

दोन-तीन सेकंदांत सांधा झाला नाही तर थांबा, गार होऊ द्या, फ्लक्स लावा, पुन्हा करा. पॅड म्हणजे बोर्डावर चिकटवलेलं तांब्याचं पान असतं, नेहमीच्या बोर्डात साधारण ०.०३५ मि.मी. जाडीचं. फार तापवलं की त्याखालची पकड सुटते.

शेवटी अल्कोहोल आणि ब्रशनं फ्लक्स धुवून काढा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड अखंड असेल तर बीप देणाऱ्या खुणेवर) लावून वायर हळूच चारी दिशांना हलवा. बीप अखंड राहिला पाहिजे. शेजारच्या दोन पॅडमध्ये बीप येत नाही ना, तेही पाहा. वायर जोरानं ओढून पाहण्याची पद्धत मला मान्य नाही. चांगला सांधाही त्यात पॅडसकट निघतो.

ओढ सांध्यापर्यंत पोचू न देणं

आता मुख्य काम. नियम एवढाच, की सांध्याजवळची वायर आणि बोर्ड यांनी एकत्र हलावं. बोर्ड ज्या डब्याला स्क्रूनं घट्ट आहे, त्याच डब्याला वायरही घट्ट असली पाहिजे. बोर्ड डब्याला आणि वायर मागाच्या सांगाड्याला बांधली, तर दोन्ही वेगवेगळे थरथरतात आणि तो सगळा फरक सांध्यावर येतो. खूप ठिकाणी नेमकं हेच केलेलं असतं, तेही मजबूत बांधणीच्या समजुतीनं.

बोर्डावर मोकळी भोकं असतील तर वायर आधी त्यातल्या एका भोकातून खाली आणि दुसऱ्यातून वर ओवा, मग पॅडवर आणा. यात खर्च नाही आणि पकड उत्तम मिळते. भोक आवरणासकट वायर जाईल एवढं मोठं हवं. भोकं नसतील तर सांध्यापासून दोन सेंटिमीटरच्या आत केबल टाय लावून वायर बोर्डाच्या कोपऱ्यातल्या स्क्रूच्या भोकाला बांधा. टाय एवढा आवळू नका की आवरण दबेल. टाय आणि सांधा यांच्या मधे वायर ताणलेली नको, किंचित सैल वळण राहू द्या.

डब्याबाहेर पडताना वायर केबल ग्लँडमधून, म्हणजे वायर आवळून धरणाऱ्या बुचातून काढा. ग्लँड नसेल तर भोकात रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) बसवा आणि आतल्या बाजूला वायरीला केबल टाय आवळा, म्हणजे बाहेरून ओढली तरी ती पुढे सरकणार नाही. नुसत्या पत्र्याच्या कडेवरून गेलेली वायर काही महिन्यांत सोलली जाते. डब्याबाहेर सेन्सरपर्यंत जाताना पुढचा टाय मारण्याआधी पुन्हा एक सैल वळसा द्या.

चिकटवण्याच्या पदार्थांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथं सोलापूरची हवा मधे येते. ग्लू गनचा ग्लू हाताशी असतो आणि घरातल्या यंत्राला तो पुरतोही. पण तो उष्णतेनंच वितळणारा पदार्थ आहे. पत्र्याच्या शेडमधल्या बंद डब्यात, शेजारी मोटर आणि पॉवर सप्लाय असताना, आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच वर जातं. ग्लू मऊ पडतो आणि गुळगुळीत आवरणावरून सुटतो. उन्हाळ्यात अशा जागी त्यावर विसंबू नका.

इन्स्टंट ग्लू तर नकोच. तो पातळ असतो, तारांत शिरतो आणि सोल्डरप्रमाणेच वायरीची सळई करतो. दोन ट्यूबचा इपॉक्सी पॅडवर चांगला, पण तो दगडासारखा कडक होतो. त्याच्या कडेला वायर पुन्हा एकाच बिंदूवर वाकू लागते. मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते सिलिकॉन सीलंट. वाळल्यावरही ते रबरासारखं राहतं, वाक एका बिंदूवर न येता पसरते, आणि उन्हाळ्याच्या तापमानाचा त्याला काही त्रास नाही. मात्र व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन घेऊ नका. त्यातून निघणारं ॲसिटिक आम्ल तांब्याला गंजवतं. ट्यूबवर ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं पाहून घ्या. सांधा, त्यामागचं मोकळं तांबं आणि आवरणाचा सेंटिमीटरभर भाग झाकेल एवढा थर द्या आणि एक दिवस वाळू द्या.

हीट श्रिंकचंही तेच तत्त्व. दोन तुकडे एकावर एक घाला, आतला लांब आणि बाहेरचा आखूड, म्हणजे ताठरपणा एकदम न संपता पायरीनं कमी होतो. जिथं वायर वारंवार काढावी-लावावी लागते तिथं बोर्डावर कनेक्टर सोल्डर करा आणि वायर कनेक्टरला क्रिंप करून, म्हणजे धातूच्या पकडीत दाबून, लावा. हेलकावणाऱ्या जागी क्रिंप सोल्डरपेक्षा जास्त टिकतो.

एलईडी पट्टी असेल तर

जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेला आणि त्याआधी गणपतीत घरोघरी, मंडपोमंडपी एलईडी पट्ट्या लागतात. या पट्टीचा बोर्ड लवचीक असतो आणि पॅड फार छोटे. पट्टीवर सिलिकॉनचा थर असेल तर तो पॅडवरून पूर्ण खरवडून काढा. दोन सेकंदांपेक्षा जास्त तापवू नका. वायर पट्टीच्या लांबीच्या दिशेनंच बाहेर काढा आणि सांधा, पट्टीचा दीड सेंटिमीटर आणि वायरीचा दीड सेंटिमीटर एकाच हीट श्रिंकमध्ये घ्या. पट्टीमागचा चिकट टेप वायरीचं वजन धरून ठेवेल ही अपेक्षा चुकीची आहे. लोंबणारी वायर वेगळी बांधा.

पॅड उखडलाच तर

बोर्ड फेकू नका. उखडलेल्या पॅडपासून निघणारा तांब्याचा ट्रॅक शोधा. त्यावरचा हिरवा थर ब्लेडच्या टोकानं तीन-चार मिलिमीटर हलक्या हातानं खरवडा, खालचं तांबं चमकू लागेल. त्याला पातळ सोल्डर चढवा आणि वायरीची एक-दोन बारीक तार त्यावर आडवी सोल्डर करा. ट्रॅक फारच बारीक असेल तर तो ज्या रेझिस्टरच्या किंवा कनेक्टरच्या पायाकडे जातो तिथवर मागोवा घ्या आणि वायर थेट त्या पायाला जोडा. बीप तपासा. मग दुरुस्त जागेवर इपॉक्सीचा थेंब द्या, कारण इथं आता खाली धरायला पॅड उरलेला नाही. इपॉक्सी वाळल्यावर त्याची कडा आणि पुढची वायर न्यूट्रल सिलिकॉननं झाका, आणि वायर दोन सेंटिमीटरच्या आत बोर्डाला बांधा.